आकस

एकेचाळीस वॉर्निंग.
एरर एकही नाही, म्हणजे प्रोग्रॅम चालतो,
उद्या सकाळी सातला शिरोलीच्या तिन्ही फाउंड्रीत
पहिली पाळी त्याच्यावरच वजनं काढेल.
तरी कंपायलर पिवळ्या अक्षरांत, न चिडता,
पतपेढीतल्या जुन्या कारकुनासारखा
एकेका ओळीवर बोट ठेवतो:
हे नाव ठेवलंत, हाक कुणी मारली नाही.
हे मागवलंत, उघडलं नाही.
ही शेवटची शक्यता लिहिलीत,
पण वरच्या तिघींनी सगळं आधीच अडवलंय,
इथवर कुणी पोचायचं नाही.

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरची खोली,
रात्रीचे अकरा, कीबोर्डच्या फटीत लोखंडाची पूड.
मी पुसत जाते.
जिथं हात धजत नाही तिथं
नावाआधी तळाशी एक आडवी रेघ.
या भाषेत तिचा अर्थ:
पंगतीत बसलाय, वाढू नका.

चाळीस मिटले. उरलं एक फंक्शन, घंटेचा आकस.
चार ओळी. समासात लिहिणारीचं नाव,
तरन्नुम मुजावर, नऊ वर्षांपूर्वी.
वर तिची टीप:
अण्णाप्पा मिस्त्रींनी सांगितलं तसं.
कासं निवताना बिडापेक्षा जास्त आकसतं,
साचा मोठा धरायचा,
कानाशी वेगळा, ओठाशी वेगळा.

आकस म्हणजे इथं राग नव्हे.
धातू गार होताना अंग चोरतो, तेवढंच.

फंक्शन शुद्ध आहे.
बाहेरचं काही बघत नाही, बाजूला काही सांडत नाही.
आणि भाषा आळशी:
उत्तर कुणी मागितलं नाही तर हिशेबच करत नाही.
म्हणजे नऊ वर्षं या चार ओळी
प्रत्येक तपासणीत पास झाल्या
आणि एकदाही घडल्या नाहीत.

सकाळी मिस्त्रींकडे गेले.
ते रंध्याला धार लावत होते.
"घंटा? आता कोण वततंय घंटा?
काडून टाक."

मला वाटलं होतं, जरा थांबतील.

"शाण्णव साली पंपाचं एक जुनं पॅटर्न
रॅकवर ऱ्हायलं. नव्या पोरानं तेच उचललं.
दोनशे नग वतले. समदं भंगारात.
तवापासनं न लागणारं लाकूड मी ठेवत न्हाई.
बंबात घालतो.
आंघोळीला पाणी तापतंय, वाया कुठं जातंय?"

पण मिस्त्री, तो आकडा?

त्यांनी खिशातली पट्टी काढली,
जिचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून केसभर मोठा,
आणि ती न वापरताच पुन्हा खिशात ठेवली.
"ती पोरगी सारखी इचारायची, किती, किती?
मला सांगता येईना, हातानं दावलं.
तिनं त्याचा आकडा केला.
चुकला व्हता थोडा."
मग सांगितलं का नाही?
"एवढं मन लावून लिवत व्हती.
आन घंटा तर कोण वतणारच न्हवतं."
किती चुकला होता?
अंगठा आणि बोट जवळ आणून
त्यांनी मधली फट दाखवली. "एवढा."
"कुठं असती ती आता?"
मला माहीत नव्हतं.

खोलीवर आले. चार ओळी तिथेच, पिवळ्या.
पुसायच्याच होत्या.
आधी चूक दुरुस्त करावी असं का वाटलं, सांगता येत नाही.
ती फट आठवत
दशांशानंतरचा एक आकडा वाढवला,
जतन केलं, कंपाइल केलं.
एक वॉर्निंग.
बरोबर झाल्याचं त्याला काहीच नव्हतं.

मग पुसलं.
खाली लेथ सुरू झाला होता,
टेबलावरचा चहा बारीक थरथरत होता.